व्याह्यांचा डाव

शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५. नांदेड.
सकाळी लवकर भाड्याची गाडी आली. दीपमाला, तिचे वडील ग्यानोबाराव आणि मी असे तिघे लातूरला गेलो. लोह्याच्या पुढे रस्त्याचे काम चालू आहे, धूळ फार. कॉलेजात दीपमालाचे बुद्धिबळाचे यंत्र समितीपुढे तीन डाव खेळले आणि तिन्ही हरले. जेवण बरे होते, वरण गार. परत येताना अहमदपूरला चहा घेतला. तिथे ग्यानोबाराव जे बोलले त्यावरून बापलेकीचे बोलणे बंद झाले. वरच्या खोलीत दीपमालाने लातूरला न्यायची म्हणून बांधलेली पुस्तकांची खोकी तशीच आहेत.

ही नोंद वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला सांगत, आधी घडले ते लिहा, वाटले ते नंतर. त्या दिवशी वाटले ते लिहिलेच नाही, कारण मला फार राग आला होता. आता लिहिते आहे. राग अजून गेलेला नाही.

दीपमाला ही मुखेड तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची धाकटी मुलगी. बी.एस्सी.साठी नांदेडला आली तेव्हा माझे यजमान नुकतेच गेले होते आणि वरची खोली रिकामी होती. दारात उभी राहून म्हणाली, "काकू, मी मोठ्यानं गाणी लावत नाही, मैत्रिणी आणत नाही. फक्त बुद्धिबळ खेळते."

"कोणाशी?"

"एकटीच."

मी खोली दिली. त्याला आता चोवीस-पंचवीस वर्षे झाली. मधे लातूरला नोकरी होती तेव्हा ती गेली, नोकरी सुटली की परत आली. तिचे लग्न झाले नाही. त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, तिला आवडणार नाही.

बुद्धिबळ ती वडिलांकडून शिकली, पण ते स्पर्धांमधले नव्हे, गावाकडचा देशी डाव. त्यात प्यादे पहिल्यापासून एकच घर चालते. राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आणि एक नियम मला फार आवडला: समोरच्याचा शेवटचा मोहरा मारायचा नाही. त्याचा राजा अगदी एकटा पाडलात तर तुम्ही जिंकत नाही. त्याला बुर्जी म्हणतात, म्हणजे अर्धा डाव, ना हार ना जीत. खरे जिंकायचे तर समोरच्याचे एखादे प्यादे जिवंत ठेवून मात द्यावी लागते.

मुखेडच्या आठवडी बाजारात, एका ओळखीच्या आडत दुकानात, हरभऱ्याच्या पोत्यांवर पट मांडून ग्यानोबाराव खेळत. समोर त्यांचे व्याही रामलिंगराव, मोठ्या मुलीचे, उज्वलाचे सासरे. ते जळकोटकडचे. शाळकरी दीपमाला पिशवी धरून शेजारी बसे. दुपारभर तिचे वडील वरचढ असत आणि दिवस कलला की हरत. कुठे हत्ती फुकट जाई, कुठे वजीर भलत्या घरात बसे. रामलिंगराव मांडीवर थाप मारून म्हणत, "पाव्हणं, तुमचं म्हंजी पेरणी झकास आन् मळणीला पाऊस!"

एसटीत ती विचारायची, "आबा, तुम्ही तर जिंकत होता की."

"शेवट जमंना बघ, माय."

या एका वाक्यावर तिने सगळा जन्म लावला. बापाला शेवट का जमत नाही, आणि शेवट जमायला डोक्यात काय चालावे लागते, हे संगणकाकडून काढून घ्यायचे. पीएच.डी.चा विषय तोच: डावाच्या शेवटच्या भागात यंत्राने पटाची किंमत कशी ठरवावी.

तिचे पहिले मार्गदर्शक म्हणाले होते, "बुद्धिबळावर पीएच.डी.? मग पुढच्या वर्षी कोणी लगोरीवर करील." ते निवृत्त झाले. दुसरे मार्गदर्शक विषय बदलून पीकविमा घे म्हणत होते. तिने घेतला नाही. प्रबंधाचे इंग्रजी मी तपासले. त्यातले गणित मला कळले नाही, पण कोणते वाक्य लंगडते ते कळत होते. शेवटी पदवी मिळाली. त्याच हिवाळ्यात बातमी आली की परदेशातल्या एका यंत्राला कोणी काही शिकवले नाही, नुसते नियम सांगितले, आणि ते स्वतःशीच खेळून काही तासांत जगात भारी झाले. दीपमालाने वर्तमानपत्र घडी घालून ठेवले. "काकू, मी आठ वर्षं विहीर खणली आणि गावात नळ आला."

नोकरी तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घ्यायचा, सुट्टी लागली की घरी बसायचे, जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा. मुलाखतीला दरवेळी एकच प्रश्न, "याचा शेतकऱ्याला काय उपयोग?" एकदा ती वैतागून म्हणाली, "माझा बाप शेतकरी आहे सर. त्यालाच शेवट जमत नाही." सगळे हसले. जागा दुसऱ्याला मिळाली.

ती खचून बसली असती तर मला समजले असते. पण तिने नवीन काढले. जगातली यंत्रे जिंकायला शिकली, तर आपले यंत्र माणसासारखे खेळू दे. तेही आपल्या माणसासारखे, देशी डाव. मुखेडच्या बाजारात तो डाव खेळणारे आता दोघेच उरले होते. दर बाजाराला ती मुखेडला जाऊ लागली, मोबाईल टेकवून दोघा व्याह्यांचे डाव चित्रित करू लागली. अशी काही वर्षे गेली. मग त्या सगळ्या डावांतल्या ग्यानोबारावांच्या चाली यंत्राला शिकवल्या. यंत्राने बापासारखे खेळावे, ही तिची इच्छा. स्वतः त्याच्याशी खेळून बघायची आणि दरवेळी जिंकायची. म्हणायची, "शेवटात मी तज्ज्ञ ना काकू, म्हणून जिंकते." मला तेव्हा त्यात काही वावगे दिसले नाही. तिलाही नाही.

लातूरच्या एका कॉलेजने रस दाखवला. तिथले प्राचार्य वीरेश सर उदगीरकडचे, आजोबांकडून देशी डाव शिकलेले. एक छोटी प्रयोगशाळा आणि दीपमालाला कायम नोकरी, असे ठरत आले होते. फक्त समितीला यंत्र दाखवायचे होते. तिने खोकी बांधली.

त्या शनिवारी काय झाले ते सांगते. वीरेश सर स्वतः खेळायला बसले. यंत्र सुंदर खेळले. मोठ्या पडद्यावर पट होता, मलाही दिसत होते की सर कोंडीत सापडले आहेत. समितीतले लोक माना डोलवत होते. आणि मग यंत्राने आपला हत्ती अशा घरात नेऊन ठेवला की सरांच्या उंटाने तो सहज उचलावा. दुसऱ्या डावात वजीर. तिसऱ्यात मात द्यायची सोडून एक प्यादे उगाच पुढे सरकवले.

वीरेश सर चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, तुमचं यंत्र पाहुणचार फार करतं."

सगळे हसले. दीपमाला हसली नाही. तिला कारण सांगता येईना. एका सदस्याने विचारले, "म्हणजे प्रोग्रॅममध्ये चूक आहे?" ती म्हणाली, "चूक नाही." "मग?" सरांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. कारण शोधा आणि सिद्ध करून दाखवा.

मागच्या रांगेत ग्यानोबाराव टोपी मांडीवर घेऊन बसले होते. तिसऱ्या डावानंतर ते पुटपुटले, "हे तर मीच हाय की." मला वाटले कौतुकाने म्हणत आहेत.

अहमदपूरला टपरीवर चहा आला. दीपमाला लॅपटॉप उघडून चाली पुन्हा बघत होती. "इथं काय बिनसतं तेच कळत नाही. जिंकतंय, जिंकतंय, आणि..."

"त्यात बिनसलं काय?" ग्यानोबाराव बशीत चहा ओतत म्हणाले. "त्ये मुद्दाम हारलालंय."

"यंत्र मुद्दाम कसं हरेल, आबा?"

"मी हारतो तसंच."

तिने लॅपटॉप मिटला. "तुम्ही मुद्दाम हरता?"

"मग? व्याह्याला हारवायचं असतंय व्हय? लेक त्येंच्या घरात हाय."

"तीस वर्षं?"

"लगीन झालं तवापासून. पयला डाव खेळलो त्या दिशी रामलिंगराव हारले, तोंड असं झालं त्येंचं. त्येच तोंड घिऊन माणूस घरी जाणार, आन् घरात माझी उज्वला. म्हणलं नगं बाबा. पर हारायचं बी असं, की त्येस्नी कळू नये. लई ध्यान लागतंय त्येला."

"आणि मला म्हणायचात, शेवट जमत नाही!"

"लेकराला काय सांगायचं?"

"मी लेकरू राहिले का? मी त्यावर पीएच.डी. केली आबा! मी इतकी वर्षं शूटिंग करत होते, तेव्हा तरी सांगायचं!"

"तू इचारलं कवा? तू म्हणलीस, आबा खेळा. म्या खेळलो."

चहावाल्याने विचारले, अजून एक देऊ का. दीपमाला उठून गाडीत जाऊन बसली.

मला राग नक्की कोणाचा आला ते ठरवता येत नव्हते. ग्यानोबारावांचा येत नव्हता म्हणावे, तर त्यांच्यामुळेच सगळे झाले. मुलीकडच्याने वाकून राहायचे ही रीत माझ्याही माहेरी होती. माझे वडील रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर, पण व्याह्यांसमोर खुर्चीत पाठ टेकून बसत नसत. रीत माहीत असूनही दोघी शिकलेल्या बायकांना एवढे ओळखता आले नाही.

रविवारी ग्यानोबाराव माझ्याकडेच होते, पुढच्या खोलीत. दीपमाला खाली आली, वडिलांकडे न बघता मला म्हणाली, "काकू, खरं म्हणजे हा फार मोठा शोध आहे. यंत्रानं सभ्यता उचलली, आणि ती कोणी शिकवली नव्हती. हेच कारण मी अहवालात लिहिणार."

"लिवू नगंस," ग्यानोबाराव मधेच म्हणाले. "छापून आलं की पाव्हण्याच्या कानावर जाईल. म्हातारपणी त्येंना कळायचं, की कधी जिंकलेच न्हाईत? आन् त्येचा राग निघणार कुणावर? उज्वलावर."

"नाव नाही घालत."

"बाजारात देशी डाव खेळणारी दोन माणसं उरली. नाव घालायची गरज हाय का?"

मग दीपमालाने उज्वलालाच फोन लावला आणि आवाज मोठा केला. सगळे सांगितले.

"आबा हायती का तिथं?" उज्वला म्हणाली. "आबा, ऐकून राहिलाव ना? तीस वर्षं मी या घरात काय ऐकते ठाव हाय का? 'सूनबाई, तुझ्या बापाला शेवट जमत न्हाई.' पिठलं खारट झालं की, 'माहेरचं वळण, शेवटाला बिघडतंयच.' पोराच्या बारशाला साखर कमी पडली, तवाबी त्येच. दर बाजारी मामंजी जिंकून येतेत आन् जेवताना समद्यांना सांगतेत तुमी कसं हारलाव. मी वाढत असते."

"मला वाटलं," ग्यानोबाराव म्हणाले, "खुशीतला सासरा सुनंला बोलत न्हाई."

"खुशीतच लई बोलतेत, आबा."

ग्यानोबाराव उठून फोनच्या जवळ येऊन बसले.

"माझ्यासाठी हारलाव ना?" उज्वला म्हणाली. "आता माझ्यासाठीच एक डाव जिंका. मग दीपीला काय लिवायचं त्ये लिवू द्या."

सोमवारी दीपमालाने नावे न घेता वीरेश सरांना फोनवर कारण सांगितले. ते खूप हसले. म्हणाले, "मला पटलं. आमच्या आजोळीही हे बघितलंय. पण समितीत बाकीचे आहेत. ते म्हणतील, हरणारा माणूस असंच सांगणार. त्या खेळाडूनं मनात आणलं तर तो जिंकतो, एवढं दाखवा. एक डाव पुरे. माझ्याशी नको, म्हणतील मीच सोडून दिला." त्या खेळाडूने यंत्राशीच खेळावे, असेही सरांनी सुचवले. ग्यानोबाराव म्हणाले, "सोताशी काय खेळायचं?" म्हणजे उरले रामलिंगराव.

बाजारच्या दिवशी मी दीपमालाबरोबर एसटीने मुखेडला गेले. ग्यानोबाराव आदल्या आठवड्यातच गावी परतले होते आणि परस्पर बाजारात आले होते. आडत दुकानात मला बसायला खुर्ची दिली, बाकी सगळे पोत्यांवर. दीपमालाने मोबाईल वजनकाट्याला टेकवून ठेवला. रामलिंगराव उंच, पांढऱ्याशुभ्र धोतरातले, आवाज खणखणीत.

"आज नांदेडाहून म्याडम आल्यात बघायला! पाव्हणं, जरा नीट हारा."

"बघू," ग्यानोबाराव म्हणाले.

सुरुवातीला रामलिंगराव बोलतच होते. हरभऱ्याचा भाव, नातवाची बारावी, उंटाची तिरकी चाल. मग बोलणे कमी झाले. मग थांबले. ग्यानोबाराव मान वर न करता खेळत होते. मी त्यांना असे बसलेले पाहिले नव्हते, पाठ ताठ, एक हात गुडघ्यावर. एक हत्ती गेला रामलिंगरावांचा, मग वजीर, मग दुसरा हत्ती. शेजारच्या दुकानातला माणूस येऊन उभा राहिला. रामलिंगरावांनी टोपी काढून पोत्यावर ठेवली.

"पाव्हणं, आज काय खाऊन आलाव?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. स्वतःचे घर समजून दुसऱ्याच्या दारात शिरलेल्या माणसाचा चेहरा होतो, तसा तो होता.

शेवटी त्यांच्याकडे राजा आणि एक प्यादे उरले. ग्यानोबारावांकडे वजीर, हत्ती आणि तीन प्यादी. वजीर एक घर बाजूला घेतला की मात. इतक्या वर्षांत दीपमालाकडून ऐकून एवढे मलाही कळत होते. दीपमालाने माझे मनगट धरले होते, ते दुखायला लागले.

ग्यानोबारावांनी वजीर उचलला. धरून ठेवला. एकदा व्याह्यांकडे पाहिले, एकदा मोबाईलकडे. आणि तो वजीर नेऊन त्या एकुलत्या एक प्याद्यावर ठेवला.

"बुर्जी!" रामलिंगराव ओरडले. "अवो पाव्हणं! शेवटचं प्यादं मारलं? पोरं बी करीत न्हाईत आसं! आरं, चहा सांगा!" ते हसत होते, डोळे पुसत होते, आणि टोपी परत डोक्यावर घालत होते. "सांगतो घरी. उज्वलेला सांगतो, तुझ्या बापानं आज निम्मा शेवट केला म्हणावं!"

दीपमाला वडिलांना दुकानाबाहेर घेऊन गेली. मीही गेले.

"आबा, हे मुद्दाम केलं का?"

ग्यानोबारावांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. "मात दिसत व्हती मला."

"मग?"

"हात गेला तिकडं. मुद्दाम गेला का सवयीनं, मलाच कळंना, माय. खरंच सांगतो."

"उज्वलाला काय सांगू?"

"हारलो न्हाई म्हणून सांग."

येताना एसटीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली, पण ती बाहेर बघत नव्हती. कंधारच्या आसपास कधीतरी म्हणाली, "काकू, जिंकले असते तर पुरावा होता. हरले असते तरी मी म्हटलं असतं, बघा, मुद्दाम. अर्धा डाव कोणाला दाखवू? त्यांनाच माहीत नाही मुद्दाम होतं की नाही, तर मी यंत्राबद्दल काय लिहू?"

मी म्हटले, "हेच लिही."

"ते कोणी छापत नाही."

तिचे खरे होते, म्हणून मला जास्तच चीड आली.

घरी आल्यावर तिने वीरेश सरांना चित्रण पाठवले आणि दोन दिवसांनी संध्याकाळी फोन केला. मी स्वयंपाकघरात होते, तिचेच बोलणे ऐकू येत होते. "हो सर. नाही सर. बुर्जी. हो, कळतं मला." मग ती दारात आली. समितीचे म्हणणे पडले होते, की विषय रंजक आहे, पुढच्या वर्षी नव्या पुराव्यासह बघू. पुढच्या वर्षी ग्यानोबारावांना ऐंशी पूर्ण होतील, रामलिंगराव त्यांच्याहून मोठे.

"उज्वलाचा फोन आला होता," ती म्हणाली. "त्या रात्री मामंजी जेवताना 'निम्मा शेवट' हेच सांगत होते. तिनं म्हणे ताट वाढता वाढता विचारलं, मामंजी, निम्मा डाव म्हंजी तुमचाबी निम्माच झाला की."

"मग?"

"मग काही नाही. भात मागितला."

ती वर गेली. मी वही काढली. त्या संध्याकाळची शेवटची ओळ अशी आहे: दीपमालाने खोकी सोडली, पुस्तके फडताळात परत लावली; त्यातली दोन रिकामी खोकी मी कांदे ठेवायला खाली घेतली.